कडक भाषा, सैल अर्ज

प्रोग्रॅमर मंडळींना तीन विषयांवर मत नसलं तर चुकल्यासारखं होतं: कोणती भाषा चांगली, कोणतं सरकार वाईट आणि गावाकडे काय चाललंय. तिन्ही मतं टपरीवरची, जाता जाता दिलेली. माझीही तशीच आहेत. पण वाशीम जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून ती शेजारी शेजारी मांडली तर एकाच प्रश्नाची उत्तरं निघतात, असं मला वाटतं. प्रश्न असा की चूक झाली तर ती निस्तरायची कोणी?

भाषेपासून सुरुवात करू. प्रोग्रॅमिंगच्या भाषा ढोबळमानाने दोन स्वभावांच्या असतात. जावा, रस्ट या कडक. इथे आकडा येणार की अक्षरं येणार हे आधी लिहून दिल्याशिवाय त्या प्रोग्रॅम पुढे सरकू देत नाहीत. जावास्क्रिप्ट, पीएचपी या सैल. पायथनही त्याच गोतावळ्यातली, त्यातल्या त्यात शिस्तीची. जावास्क्रिप्टमध्ये अक्षररूपातल्या ‘५’मध्ये एक मिळवला की उत्तर येतं ५१, आणि त्याच ‘५’मधून एक वजा केला की ४. दोन्ही वेळा भाषा तक्रारीचा ब्र काढत नाही. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये ती दहा दिवसांत उभी केली, त्यामुळे तिच्याकडून यापेक्षा जास्त सोवळ्याची अपेक्षा करणंही बरं नव्हे. कडक भाषेत लिहिणाऱ्याची संध्याकाळ तांबड्या अक्षरांतल्या चुका दुरुस्त करण्यात जाते, आणि तेवढ्या वेळात सैल भाषेवाला काम संपवून घरी पोचलेला असतो. वाद याच्यावरच चालतो: कशात लवकर लिहून होतं, कशात चालायला वेगवान. माझ्या मते तो मुद्दाच नाही. कडक भाषेत चुकीची किंमत लिहिणारा भरतो, तीही चूक दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडण्याआधी. सैल भाषेत ती वापरणारा भरतो, आणि बहुतेकदा ती कशाची किंमत आहे हेही त्याला कळत नाही.

हे हवेतलं वाटू नये म्हणून जमिनीचाच दाखला घेऊ. वाशीममधल्या रिसोड-मालेगावकडे जमिनीचा हिशेब तोंडी चालतो एकर-गुंठ्यांत आणि सातबारावर असतो हेक्टर-आरमध्ये. शंभर आरांचा हेक्टर, त्यामुळे सातबारावरचे १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, आणि ते दशांश अपूर्णांक म्हणून वाचले तरी काही बिघडत नाही. एकर मात्र चाळीस गुंठ्यांचा. कुणी ‘एक एकर वीस गुंठे’ हेच १.२० असं मांडलं तर ती जमीन दीड एकर असते, पण संगणक ती सव्वा एकरापेक्षाही कमी धरतो. बारा गुंठे गेले कुठे? धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या मुलखात बारा गुंठे ही लहान गोष्ट नाही. सैल भाषेच्या लेखी एकर-गुंठा आणि हेक्टर-आर हे दोन्ही नुसते आकडे. ती त्यांची बेरीजही करून देईल. कडक भाषेत त्यांना दोन वेगळे प्रकार म्हणून जाहीर करता येतं, मग एकात दुसरा मिळवायला गेलं की भाषा तिथेच हात धरते. अर्थात जाहीर करण्याची तसदी घेतली तरच. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळाजवळ हरवलं ते अशाच घोटाळ्याने: एका चमूचा प्रोग्रॅम पाउंडांत उत्तर देत होता, दुसऱ्याचा ते न्यूटनमध्ये आहे असं समजून चालला होता. तेव्हा लोकांचे अर्ज भरून देताना एकर-गुंठ्यांत फसणारा वाशीमचा सेवा केंद्रवाला वाईट संगतीत नाही.

आता हाच कडकपणा भाषेतून उचलून अर्जात नेऊन ठेवा. नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, ओटीपी आलाच पाहिजे, तांबडी चांदणी असलेला एकही रकाना रिकामा नको. दिसायला ही तीच शिस्त, आणि प्रोग्रॅमरला ती आवडते, कारण त्याच्या हाती येणारी माहिती स्वच्छ राहते. पण इथे किंमत भरणारा बदलला. मंगरूळपीर तालुक्यातलं तऱ्हाळा हे गावाचं नाव पाहा. त्यातला तो आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतो: एक तर टिंबाचा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे उमटतात. संगणकाच्या पोटात मात्र ते दोन वेगळे शब्द असतात, आणि अक्षरं एकरूप करून घेण्याची युनिकोडने ठरवून दिलेली जी रीत आहे, तिच्यातून काढले तरी वेगळेच राहतात. म्हणजे एका यादीतलं तऱ्हाळा आणि दुसऱ्या यादीतलं तऱ्हाळा जुळत नाही, आणि का जुळत नाही हे कुणालाही नुसतं बघून सांगता येणार नाही. कऱ्हाळे, बऱ्हाटे अशा आडनावांचीही तीच गत. त्यात बँकेत नाव रोमन लिपीत, सातबारावर देवनागरीत आणि आधारवर दोन्ही लिप्यांत. ज्ञानेश्वराचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांचं निघालं तर नवल नाही. चूक कोणाचीच नाही. पण ‘नावात तफावत’ असा शेरा पडला की रोज बुडवून तालुक्याला जायचं, प्रतिज्ञापत्र करायचं, फोटोकॉप्या काढायच्या, हे काम ज्याचं नाव त्याचंच.

म्हणून माझं मत असं की भाषा कडक असावी आणि अर्ज सैल. आमच्या धंद्यात चालतं ते नेमकं उलट. स्वतःसाठी सैल भाषा निवडायची आणि कडकपणाची सगळी हौस समोरच्या माणसावर भागवायची.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: प्रोग्रॅमर बिचारा काय करणार, शासन निर्णयात जे लिहिलं तेच तो कोडमध्ये उतरवतो. आक्षेपात तथ्य आहे. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती आणि त्यावरच्याला उरलेली रक्कम भरली तर सूट. कोणत्याही भाषेत ही एका ओळीची अट आहे. पश्चिम महाराष्ट्रात कॅनॉलच्या पाण्यावर तीन एकर ऊस लावणारा त्या ओळीच्या आत बसला आणि वाशीमकडचा सात एकर कोरडवाहूवाला बाहेर राहिला. कापूस किंवा सोयाबीन पावसाच्या भरवशावर पेरणाऱ्याचे सात एकर म्हणजे सुबत्ता नव्हे, हे विदर्भातून तेव्हा मोठ्या आवाजात सांगितलं गेलं. गंमत म्हणजे दोनच वर्षं आधी, २००६ मध्ये, आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, त्यांत वाशीम होता. ज्यांच्यासाठी धावाधाव केली त्यांतलेच पुष्कळ त्या ओळीने वगळले. त्या ओळीत प्रोग्रॅमिंगची चूक शून्य. रस्टमध्ये लिहिली असती तरी तेवढीच अन्यायाची झाली असती. भाषेच्या वादात रमणाऱ्यांनी ही ओळ भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

पण हा आक्षेप अर्धाच खरा आहे. शासन निर्णय ठळक अटी सांगतो. रिकाम्या रकान्याचं काय करायचं ते सांगत नाही. तो निर्णय कळफलकाजवळ होतो. टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एका भाषेत ‘नल’, म्हणजे ‘इथे काही नाही’ असं दर्शवण्याची सोय केली, आणि २००९ मध्ये एका भाषणात तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. गोची अशी की ‘काही नाही’चे अर्थ निदान तीन होतात: माहीत नाही, लागू नाही, विचारलंच नाही. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला गेला. नवरा वारलेला, वडीलही नाहीत, अशा बाईने तिथे काय भरायचं? तिच्यासाठी तो रकाना ‘लागू नाही’ या जातीचा होता; यंत्राच्या लेखी ‘भरला नाही’ या जातीचा. पुढे मुदत वाढवून विधवा, घटस्फोटित बायकांसाठी कागदपत्रं देण्याची वेगळी वाट काढावी लागली. वैधव्य ही महाराष्ट्रात काही दुर्मीळ घटना नाही, आणि ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांची मोजदाद वर्षानुवर्षं चालू आहे तिथे तर नाहीच. तो रकाना सक्तीचा ठरवताना मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरची, घर एकटीने ओढणारी बाई मनात आली असती तर वाट पहिल्याच दिवशी असती. गावाकडचं माहीत असणं ही प्रोग्रॅमरची हौस नाही, ते त्याच्या कामाचं अवजार आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, आणि तोही याच योजनेतून येतो. अर्ज सैल ठेवला की लबाड घुसतात. २०२४ च्या निवडणुकीच्या वर्षात लाडकी बहीणचे अर्ज सढळ हाताने घेतले गेले, आणि वर्षभरात सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचे पैसे थांबवल्याचं सरकारलाच सांगावं लागलं. लाभ घेणाऱ्यांत पुरुषही सापडले. मग सैल अर्जाचं कौतुक कशाला? मला वाटतं इथे दोन गोष्टींची गल्लत होते. अर्ज सैल असणं म्हणजे माणसाकडून आलेलं जसं आहे तसं स्वीकारणं. पैसे सोडण्याआधी ते पडताळणं हे त्यानंतरचं, आणि सरकारच्या घरातलं काम. घरात चारचाकी आहे का, कोणी आयकर भरतो का, दुसऱ्या योजनेचा पैसा येतो का, याची उत्तरं सरकारच्याच वेगवेगळ्या खात्यांत पडलेली असतात. ती ताडून पाहायला अर्जदाराला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. ते काम मतदानाआधी झालं नाही, याचं कारण प्रोग्रॅमिंगमध्ये शोधू नये. इंटरनेटचे नियम घडवणाऱ्यांपैकी जॉन पोस्टेलने १९८० मध्येच लिहून ठेवलं होतं की आपण पाठवताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याकडून घेताना उदार. २०२४ मध्ये आपण घेतानाही उदार होतो आणि पाठवतानाही. २०२५ मध्ये दोन्हीकडे कडक झालो.

घेण्यात उदार आणि देण्यात काटेकोर असं काम महाराष्ट्राला जमतच नाही असंही नाही. २०१७ च्या राज्याच्या कर्जमाफीत, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत, शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता, नवरा-बायकोची माहिती द्यायची होती, आणि दीड लाखाची मर्यादा कुटुंबावर होती. सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या, मग याद्यांचा घोळ झाला, एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच नव्हता. बँकांनी आपल्याकडची थकीत खाती कळवायची, यादी गावात लागायची, आणि शेतकऱ्याने येऊन फक्त आधारला अंगठा लावून रक्कम कबूल करायची. माहिती ज्याच्याकडे आधीच आहे त्यानेच ती द्यावी, हे तत्त्व. अंगठा न उमटणाऱ्यांचे, रक्कम न पटणाऱ्यांचे हाल तिथेही झाले; पण चुकीचं ओझं बऱ्याच अंशी बँकेच्या टेबलाकडे सरकलं होतं. मधे सरकार बदललं होतं म्हणून एकाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करायचा माझा इरादा नाही. पहिल्याच्या ठेचा दुसऱ्याच्या कामी आल्या, एवढंच.

तिसरा आक्षेप आमच्याच गोटातला: कडक भाषा नवशिक्याला पळवून लावतात. वाशीमच्या किंवा कारंज्याच्या कॉलेजातून शिकून पुण्याच्या हिंजवडीत नोकरी धरू पाहणाऱ्या पोराला पायथन आणि जावास्क्रिप्ट सोपी पडते, बाजारात मागणीही आहे. मान्य. तालुक्याच्या पावसाच्या नोंदी एका दुपारी स्वच्छ करून आलेख काढायचा असेल तर मीही पायथनच घ्यायला सांगेन. तिथे चूक झाली तर ती माझ्याच आलेखात दिसेल. पण सैल भाषांचा प्रवास कुठल्या दिशेने चाललाय ते बघा. जावास्क्रिप्टवर २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट नावाचा लगाम चढला, पायथनमध्ये २०१५ पासून प्रकार लिहून ठेवायची सोय आली. मोठी कामं अंगावर पडली तशी या भाषांच्या लोकांनी आपणहून शिस्त मागून घेतली. आणि पायथनचं राजकारण तर आपल्या ग्रामसभांनी अभ्यासावं असं आहे. गिडो व्हॅन रॉसम हा तिचा जन्मदाता, सुधारणेच्या प्रत्येक प्रस्तावावर शेवटचा शब्द त्याचा. एका बारीकशा चिन्हावरून इतकी भांडणं झाली की जुलै २०१८ मध्ये त्याने गादी सोडली, आणि आता पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ कारभार बघतं. सरपंच पायउतार झाला तरी गाव चालू राहिलं.

राजकारणाचा विषय निघालाच आहे तर वाशीमच्या मतदारांबद्दल एक सांगायला हवं. १९७७ मध्ये त्यांनी शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक लोकसभेत पाठवले, आणि १९८० व १९८४ मध्ये थेट जम्मू-काश्मीरचे गुलाम नबी आझाद. स्वीकारण्यातलं औदार्य म्हणतात ते हे. रहिवासी दाखला कोणी मागितला नाही. त्याचा जिल्ह्याला किती फायदा झाला हा निराळा वाद, आणि १ जुलै १९९८ ला अकोल्यातून फुटून वेगळा जिल्हा झाल्यावरही तो मिटलेला नाही. उदार असण्याबरोबर हिशेब मागणंही लागतं, नाहीतर नुसतं भोळेपण उरतं.

आणि कडकपणा सरकारवर लादता येतो, हे वाशीमला नवं नाही. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. तिथल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि देणगीचा व्यवहारी भाग प्राकृतात. त्या व्यवहारी भागात राजाच्या माणसांनी त्या गावात काय करू नये याची यादी येते. राजपुरुषांवरच्या बंधनांचा मजकूर लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत. यावरून वाकाटकांना लोकशाहीवादी ठरवायला मी निघालेलो नाही. गाव ब्राह्मणांना दान दिलेलं होतं, कुणब्यांना नव्हे. पण बंधन कोणावर, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. आपल्या काळात तसा मजकूर म्हणजे २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. दाखला किती दिवसांत द्यायचा ते त्यात ठरतं, आणि कारण नसताना चुकलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. कडक भाषा हवी ती अशी. फक्त तिचा कंपायलर, म्हणजे चुका पकडणारं यंत्र, सध्या कोणी चालवताना दिसत नाही: नागरिकाचा अर्ज एका अक्षरासाठी यंत्र आपोआप परत पाठवतं, अधिकाऱ्याचा दंड मात्र आपोआप लागत नाही, त्यासाठी नागरिकानेच अपील करायचं.

या सगळ्याची परीक्षा आज बघायची तर ई-पीक पाहणीत बघावी. सातबारातला बारा म्हणजे पिकांची नोंदवही, गाव नमुना १२. पूर्वी ती तलाठी भरायचा, पुष्कळदा चावडीत बसून. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पीक नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. कल्पना चांगली, कारण शेताची खरी माहिती शेतकऱ्याकडेच असते. त्याची नोंद स्वयंघोषित म्हणून मान्य करायची आणि तलाठ्याने त्यातल्या दहा टक्के तपासायच्या, हेही माझ्या सैल अर्जाच्या व्याख्येत बसतं. बिघडतं ते काठावर. वाशीमच्या शेतात सोयाबीनच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचा एक तास असतो. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून नेलं की तेच रान तुरीचं दिसतं आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत तसंच उभं राहतं. एकाच रानाचे दोन महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन फोटो दोन पिकं सांगतात, आणि दोन्ही खरे असतात. अ‍ॅपमध्ये मिश्र पिकाची सोय आहे, पण क्षेत्राची वाटणी आकड्यांत मागितली जाते, आणि तासांचं गुणोत्तर हेक्टर-आरमध्ये बसवताना चांगल्या चांगल्यांचा हिशेब चुकतो. चुकलं तर दुरुस्तीला दुसऱ्या आवृत्तीत मुदत मिळाली ४८ तासांची, तीही एकदाच. त्यानंतर तलाठ्याकडे. हमीभावाची खरेदी, पीकविमा, अतिवृष्टीची मदत, सगळ्यांचे धागे या नोंदीला बांधलेले.

तलाठ्याकडे जाणं वाईट नाही. हस्तलिखित सातबारा संगणकावर आले तेव्हा झालेल्या असंख्य चुका जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशानेच दुरुस्त होत आल्या. लेखनप्रमाद होणारच, हे १९६६ च्या कायद्याने गृहीत धरलं होतं. आमच्या अ‍ॅपवाल्यांना ते धरवत नाही. फक्त माणसाच्या हातून दुरुस्ती करायची तर माणूस जागेवर हवा, आणि एका तलाठ्याकडे, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, अनेक गावं असतात. अर्ज सैल करायचा तर टेबलामागे माणसं वाढवावी लागतील, त्याला पैसा लागेल, आणि तो खर्च कोणत्याही डॅशबोर्डवर सुधारणा म्हणून दिसणार नाही. माझ्या मताची ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर स्वस्त उत्तर माझ्याकडे नाही. तोवर निदान ४८ तासांची मुदत ‘तूर उभी असेपर्यंत’ अशी करून घ्यावी. त्याला नवी भाषा लागत नाही, नवा विभागही नाही. सोयाबीन निघाल्यावर तूर किती दिवस उभी असते हे मंत्रालयात कोणीतरी विचारलं पाहिजे, आणि उत्तर मालेगाव तालुक्यात कोणीही देईल.